छातीला कान देणारा डॉक्टर

धाराशिवच्या सरकारी दवाखान्याची ओपीडी असो, की उमरगा-परंड्याकडचे प्राथमिक आरोग्य केंद्र, डॉक्टरांनी छातीला नळी लावल्याशिवाय आपल्याला नीट तपासले असे पेशंटला वाटत नाही. गोळ्या मिळाल्या, इंजेक्शन झाले, तरी नळी लावली नाही ही तक्रार म्हातारी माणसे घरी जाऊन करतातच. त्या तक्रारीत तथ्यही असते. नळी लावण्यासाठी डॉक्टरला क्षणभर बोलणे थांबवावे लागते, पेशंटजवळ यावे लागते आणि ऐकावे लागते.

ही नळी म्हणजे स्टेथोस्कोप. १८१६ पूर्वी जगात ती नव्हती. ज्या माणसाने ती तयार केली, त्याने तिच्या साहाय्याने क्षयरोगाची छातीतली पावले ओळखायला जगाला शिकवले. आणि तोच माणूस वयाच्या ४५व्या वर्षी क्षयानेच गेला. त्याचे नाव डॉ. रेने लेनेक.

आईविना पोर

लेनेक यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतातल्या केम्पेर या गावी झाला. रेने पाच वर्षांचा असताना आई वारली. क्षयाने वारली असावी, असे मानतात. वडील वकील होते, कविता करायचे, पण संसाराकडे लक्ष कमी. मुलाची जबाबदारी त्यांना पेलली नाही. रेने आधी एका धर्मगुरू काकांकडे आणि नंतर नांत शहरातल्या डॉक्टर काकांकडे वाढला. या काकांचे नाव गिय्योम लेनेक. पुढे रेने डॉक्टर झाला त्यामागे हेच काका होते.

तो काळ फ्रेंच राज्यक्रांतीचा. काकांच्या घरासमोरच्या चौकात गिलोटिन उभी होती आणि तेथे माणसांची डोकी उडवली जात. शहराच्या रुग्णालयात जखमी सैनिकांची आणि तापाच्या रुग्णांची रीघ लागलेली असे. अशा दिवसांत, १७९५ मध्ये, वयाच्या अवघ्या १४व्या वर्षी रेने रुग्णालयात शिकाऊ म्हणून कामाला लागला. जखमा धुणे, पट्ट्या बांधणे यातून शिक्षण सुरू झाले. प्रकृती मात्र लहानपणापासूनच नाजूक. बारीक अंगकाठी, दम्याचा त्रास, अधूनमधून डोके दुखणे. फावल्या वेळात तो बासरी वाजवायचा. सुरांची ही सवय पुढे कानाला उपयोगी पडली असेल, असे म्हणायला हरकत नाही.

पॅरिस आणि गुरू कोर्व्हिसार

१८०१ मध्ये लेनेक पॅरिसला आले. तेव्हा पॅरिसचे वैद्यकीय शिक्षण साऱ्या युरोपात नावाजलेले होते. तिथली पद्धत अशी होती, की रुग्ण जिवंत असताना त्याची लक्षणे लिहून ठेवायची आणि तो दगावला तर शवविच्छेदन करून आतला बिघाड त्या लक्षणांशी ताडून पाहायचा. लेनेक यांचे गुरू होते डॉ. कोर्व्हिसार, पुढे नेपोलियनचे खासगी डॉक्टर झालेले. १८०३ मध्ये लेनेक यांनी वैद्यकशास्त्र आणि शस्त्रक्रिया या दोन्ही विषयांत पहिले बक्षीस मिळवले आणि १८०४ मध्ये ते डॉक्टर झाले.

कोर्व्हिसार यांनी एक जुनी, अडगळीत पडलेली विद्या पुन्हा बाहेर काढली होती. ऑस्ट्रियातले डॉ. आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये एक पुस्तिका लिहिली होती. ते खानावळवाल्याचे चिरंजीव. पिंपावर टिचकी मारली की आत दारू कुठवर भरली आहे ते आवाजावरून कळते, हे त्यांनी लहानपणी पाहिले असणार. आपल्याकडे बाजारात माठ घेताना किंवा कलिंगड निवडताना आपण हेच करतो. आउएनब्रुगर यांनी हीच टिचकी माणसाच्या छातीवर मारून पाहिली. हवा भरलेले फुप्फुस पोकळ वाजते, छातीत पाणी झाले असेल तर आवाज बद्द येतो. कोर्व्हिसार यांनी १८०८ मध्ये ही पुस्तिका फ्रेंचमध्ये आणली आणि शिष्यांना शिकवली. आजही डॉक्टर छातीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकून पाहतात, ती हीच पद्धत.

पण ठोकून सगळे कळत नव्हते. पेशंट जाडजूड असला की आवाज नीट येत नसे. दुसरा उपाय छातीला थेट कान लावण्याचा. तो अगदी प्राचीन ग्रीक वैद्यांच्या काळापासून माहीत होता. पण त्यात अडचणी होत्या. रुग्णालयात गोरगरीब येत, अंगावर मळ असे, उवा असत. स्त्री पेशंटच्या छातीला पुरुष डॉक्टरने कान लावणे दोघांनाही संकोचाचे. शिवाय डोके टेकवले की नेमक्या जागेचा आवाज वेगळा काढता येत नसे.

१८१४ मधली एक गोष्ट लेनेक यांचा स्वभाव सांगून जाते. नेपोलियनच्या अखेरच्या लढायांत पॅरिसची रुग्णालये आजारी सैनिकांनी भरून गेली. त्यात ब्रिटनीकडची खेड्यातली पोरे होती. त्यांना ब्रेटन भाषा येत होती, फ्रेंच कळत नव्हती. काय होतेय हे ती कोणाला सांगू शकत नव्हती. लेनेक मूळचे त्याच प्रांतातले आणि त्यांनी ब्रेटन भाषा मुद्दाम शिकून घेतलेली. त्यांनी या पोरांना एका ठिकाणी आणवले आणि त्यांच्याच भाषेत त्यांची विचारपूस केली. उमरग्याच्या सीमेकडून फक्त कन्नड बोलणारे म्हातारे माणूस दवाखान्यात येते तेव्हा ही गोष्ट किती मोलाची असते, हे तिथल्या नर्सला विचारावे.

कागदाचा दस्ता

१८१६ मध्ये लेनेक पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात डॉक्टर म्हणून नेमले गेले. त्याच वर्षी त्यांच्यासमोर एक तरुणी आली. लक्षणे हृदयविकाराची. अंगाने भरलेली असल्यामुळे ठोकून काही कळेना. तरुण स्त्री, त्यामुळे छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना.

तेव्हा त्यांना ध्वनिशास्त्रातली एक साधी गोष्ट आठवली. लाकडी वाशाच्या एका टोकाला टाचणीने ओरखडा काढला तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला तो स्वच्छ ऐकू येतो. मुलांचा काडेपेटीचा टेलिफोनही अशाच तत्त्वावर चालतो. ताणलेला दोरा आवाज धरून ठेवतो, चहूकडे पसरू देत नाही. अंगणात खेळणारी मुले पाहून लेनेक यांना हे सुचले, अशी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. मात्र त्यांच्या स्वतःच्या पुस्तकात मुले नाहीत, फक्त वाशाचे हे तत्त्व आहे.

त्यांनी कागदाचा एक दस्ता घेतला, घट्ट गुंडाळला, एक टोक त्या तरुणीच्या छातीवर टेकवले आणि दुसऱ्याला कान लावला. हृदयाचे ठोके ऐकू आले, तेही थेट कान लावून कधी आले नव्हते इतके स्पष्ट. एरवी एवढ्यावर कोणी खूष होऊन थांबला असता. लेनेक यांच्या मनात पुढचा विचार आला. हृदय ऐकू येते, तर श्वास का येणार नाही? आवाज का येणार नाही? छातीत जे जे हलते, ते ते ऐकता आले पाहिजे.

मग प्रयोग सुरू झाले. काच, धातू, लाकूड, वेत, कागद अशा अनेक वस्तूंच्या नळ्या करून पाहिल्या. फार जड किंवा फार पातळ पदार्थ बरे काम देत नाहीत, मध्यम घट्टपणाचे देतात, असे दिसले. शेवटी लाकूड पसंत पडले. लेनेक यांच्या हातात कातकामाचे कसब होते. नळ्या ते स्वतः लेथवर कातून तयार करू लागले. सुमारे एक फूट लांब, दीड इंच जाड आणि मधोमध पाव इंचाचे भोक, असे तिचे रूप होते. तिचे दोन तुकडे करून खिशात ठेवता येत. टोकाला बसवायची एक खुंटी होती. ती घातली की हृदय चांगले ऐकू येई, काढली की श्वास. ग्रीक भाषेत छातीला स्टेथोस आणि पाहण्याला स्कोपेइन म्हणतात. त्यावरून नाव पडले स्टेथोस्कोप. कानाने छातीच्या आत पाहण्याचे साधन.

तीन वर्षांची नोंदवही

लेनेक यांचे खरे मोठेपण नळीपेक्षा पुढच्या तीन वर्षांच्या कामात आहे. आवाज तर ऐकू येत होते, पण त्यांचा अर्थ कोणालाच माहीत नव्हता. नवी भाषा कानावर पडावी आणि शब्दकोशच नसावा, तशी गत. तो शब्दकोश त्यांनी नेकेरच्या वॉर्डात बसून तयार केला. प्रत्येक रुग्णाला रोज ऐकायचे, कुठे काय ऐकू आले ते लिहायचे आणि रुग्ण दगावला तर शवविच्छेदन करून आपण म्हटले ते बरोबर होते की चूक, हे पडताळायचे.

न्यूमोनियात श्वास आत घेताना बारीक चुरचुर ऐकू येते. कानाजवळ केसांची बट बोटांत चोळली तर जसा आवाज येईल, तसा. श्वासनळ्या आकसल्या की शिट्टी वाजते. फुप्फुसाभोवती पाणी साठले की तिथला श्वास ऐकू येईनासा होतो आणि पाण्याच्या वरच्या कडेला रुग्णाचे बोलणे शेळीच्या बेंबेंसारखे कापरे ऐकू येते. क्षयाने फुप्फुसात पोकळी पडली असेल, तर रुग्णाचे शब्द जणू छातीतूनच निघून नळीवाटे कानात शिरतात. ही सारी लक्षणे त्यांनी एकेक करून बांधली आणि त्यांना नावे दिली. त्यातली बरीच आजही वैद्यकीय विद्यार्थी पाठ करतात. एका नावाबाबत त्यांनी घेतलेली काळजी सांगण्यासारखी आहे. छातीतल्या घरघरीला फ्रेंचमध्ये जो शब्द होता, तोच मरणाऱ्या माणसाच्या घशातल्या घरघरीलाही वापरत. रुग्णाने तो ऐकला तर तो घाबरणार. म्हणून खाटेजवळ उभे असताना ते त्याऐवजी लॅटिन शब्द वापरत.

१८१९ मध्ये त्यांचे पुस्तक दोन खंडांत प्रसिद्ध झाले. थोडे जादा पैसे दिले की पुस्तकासोबत नळीही मिळे. त्याच पुस्तकात यकृताच्या एका आजाराला त्यांनी सिरॉसिस हे नाव दिले, जे आज दारूच्या व्यसनाच्या संदर्भात घरोघरी माहीत झाले आहे.

क्षयाबद्दल त्यांनी सांगितलेली गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फुप्फुसातल्या बारीक गाठी, त्यांचे पिकणे, पोकळी पडणे, तसेच मणक्यात, आतड्यात, इतर अवयवांत सापडणाऱ्या तशाच गाठी, हे वेगवेगळे आजार नसून एकाच आजाराची रूपे आहेत, असे त्यांनी शवविच्छेदनातून दाखवले. सर्वांना हे पटले नाही. पुढे रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जाहीर केला आणि लेनेक यांचे म्हणणे खरे ठरले. म्हणूनच दरवर्षी २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन पाळला जातो.

ते चुकलेही. हृदयाच्या लब्-डब् या दोन ठोक्यांपैकी दुसरा ठोका हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावल्यामुळे येतो, असे त्यांना वाटले. आज आपल्याला माहीत आहे, की दोन्ही ठोके झडपा मिटण्याचे आहेत. आधी कप्प्यांमधल्या दोन झडपा मिटतात, तो लब्. मग हृदयातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटतात, तो डब्. झडप नीट उघडली नाही किंवा गळू लागली, की मध्येच फुसफुस ऐकू येते. लहानपणी घसा दुखून सांधे सुजल्यावर ज्यांच्या झडपा खराब होतात, त्यांचा आजार बहुधा असाच पहिल्यांदा कानाला सापडतो.

टीका आणि आजारपण

नवे साधन सर्वांनी लगेच डोक्यावर घेतले असे झाले नाही. पॅरिसमधले वजनदार डॉक्टर ब्रूसे यांच्या मते बहुतेक सर्व आजारांचे मूळ पोटाच्या दाहात होते आणि उपाय होता जळवा लावणे. त्यांनी लेनेक यांच्यावर सडकून टीका केली. इंग्लंडमध्ये डॉ. जॉन फोर्ब्स यांनी १८२१ मध्ये पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, पण हे साधन रोजच्या वापरात कधी येईल का, याबद्दल अनुवादकालाच शंका होती.

पुस्तकाच्या कामाने लेनेक खचले. ते पॅरिस सोडून ब्रिटनीत समुद्राजवळच्या केरलुआर्नेक येथील वडिलोपार्जित शेतीवाडीवर गेले. दोन वर्षांनी प्रकृती सुधारल्यावर, १८२१ मध्ये परतले. राजसत्ता पुन्हा आली होती आणि लेनेक राजनिष्ठ होते. १८२२ मध्ये ते कोलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले आणि पुढच्या वर्षी वैद्यकीय विद्याशाखेतही त्यांना पद मिळाले. त्याच वेळी काही जुन्या प्राध्यापकांची पदे गेली होती, त्यामुळे या नेमणुकांवर नाराजीही होती. पण त्यांच्या वॉर्डात परदेशी विद्यार्थ्यांची गर्दी होऊ लागली. शिकून गेलेले हे तरुण आपापल्या देशी नळी घेऊन गेले आणि तिचा प्रसार झाला.

क्षयावर तेव्हा औषध नव्हते. समुद्राची हवा मानवते असे लेनेक यांना वाटे. म्हणून पॅरिसच्या वॉर्डात त्यांनी क्षयरोग्यांच्या खाटांभोवती ताजे समुद्रशेवाळ ठेवून पाहिले. आज हे वाचून हसू येईल, पण हाती दुसरे काही नसलेल्या डॉक्टरची ती धडपड होती. क्षय संसर्गजन्य आहे, हे त्यांना फारसे पटलेले नव्हते. तरुणपणी क्षयाने किडलेला मणका करवतीने कापताना त्यांच्या बोटाला ओरखडा गेला आणि तिथे गाठ आली होती. ती जाळून काढली आणि ते विसरून गेले. पुढची वीस वर्षे रोज क्षयरोग्यांच्या खाटेवर वाकणे आणि त्यांची शवविच्छेदने करणे चालूच राहिले.

डिसेंबर १८२४ मध्ये त्यांनी लग्न केले. १८२६ च्या वसंतात ताप, खोकला, धाप सुरू झाली. पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीचे काम त्यांनी तशाच अवस्थेत पुरे केले. नात्यातला तरुण डॉक्टर मेरियादेक लेनेक त्यांच्याच हाताखाली शिकला होता. त्यांनी त्याला आपली छाती तपासायला सांगितली. मेरियादेकने नळी लावली आणि जे ऐकू आले ते सांगितले. लेनेक यांनी ते आवाज शेकडो छात्यांत ऐकले होते, त्यांना आणखी काही विचारायची गरज नव्हती. मे महिन्याच्या अखेरीस ते पत्नीसह केरलुआर्नेकला निघाले. १३ ऑगस्ट १८२६ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. मृत्युपत्रात त्यांनी आपली पुस्तके, कागदपत्रे, घड्याळ आणि आपली नळी मेरियादेकच्या नावे केली.

नळीचा पुढचा प्रवास

नळीचे काम पुढे इतरांनी वाढवले. लेनेक हयात असतानाच, १८२१ मध्ये, डॉ. केरगारादेक यांनी ती गरोदर स्त्रीच्या पोटावर लावली आणि बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकू आल्याचे जाहीर केले. उपकेंद्रातल्या सिस्टर गरोदर बाईच्या पोटाला कर्ण्यासारखे जे साधन लावतात, ते त्याच घराण्यातले. १८५०च्या सुमारास दोन्ही कानांत घालायच्या, रबरी नळ्यांच्या स्टेथोस्कोपची सुरुवात झाली. १९०५ मध्ये रशियाचे डॉ. कोरोटकॉव्ह यांनी दंडाला पट्टा बांधून कोपराजवळ नळी लावायची पद्धत सांगितली आणि वरचे-खालचे असे दोन्ही रक्तदाब मोजता येऊ लागले.

आजच्या स्टेथोस्कोपच्या टोकाला दोन बाजू असतात. पडदा लावलेली चपटी चकती त्वचेबरोबर थरथरते आणि श्वासासारखे उंच पट्टीचे आवाज पकडते. दुसरी वाटीसारखी बाजू हलकीच टेकवली की हृदयातले खालच्या पट्टीचे आवाज येतात. नळीतली हवा ही थरथर कानापर्यंत नेते. ना बॅटरी, ना वीज. अलीकडे आवाज मोठा करणारे आणि मोबाइलवर साठवून ठेवणारे डिजिटल स्टेथोस्कोपही आले आहेत. कोरोनाच्या काळात पेशंटपासून अंतर ठेवून छाती ऐकता यावी, म्हणून आयआयटी मुंबईच्या तरुण अभियंत्यांनी असाच एक स्टेथोस्कोप पुढे आणला.

नळीच्या मर्यादाही माहीत हव्यात. क्षय सुरू झाला असताना छाती अगदी साफ ऐकू येऊ शकते. म्हणून नळी लावून डॉक्टर काही नाही म्हणाले तरी दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त यापैकी काहीही असेल तर थुंकीची तपासणी आणि एक्स-रे करून घ्यावा. गोव्यात तयार होणारी ट्रूनॅट मशिन आता तालुक्याच्या ठिकाणीही थुंकीतला जंतू काही तासांत शोधतात. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत आणि उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपये खात्यात जमा होतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांनी औषध मध्येच सोडू नये. निघण्यापूर्वी दवाखान्यात सांगितले तर कारखान्याजवळच्या सरकारी केंद्रातून गोळ्या पुढे चालू ठेवता येतात. लेनेक यांच्या आजारावर पहिले परिणामकारक औषध यायला त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. आज ते आपल्या गावात मिळते.

डॉक्टर छातीला नळी लावतील तेव्हा जाड स्वेटर किंवा शाल बाजूला करावी, तोंड उघडे ठेवून सावकाश खोल श्वास घ्यावा आणि तेवढा वेळ बोलू नये. सोबतच्या नातेवाइकांनीही मोबाइल आणि गप्पा थांबवाव्यात. आणि घाईत नळी लावायची राहून गेलीच, तर डॉक्टरसाहेब, एकदा छाती बघता का, असे म्हणायला पेशंटने लाजू नये.